वरचं पाणी की खालचं? मालवणच्या प्लवकांच्या ऋतुचक्राचा आढावा

तारकर्ली-मालवणला पाण्याखालचं जग पाहायला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, असं तिथला कुणीही सांगेल. तेव्हा पाणी निवळतं, खडक आणि पोवळी दिसतात. पण तेच पाणी ऑक्टोबरमध्ये हिरवट-तपकिरी आणि दाट असतं, मे महिन्यात त्याच्यावर कधीकधी पिवळसर तवंगाचे पट्टे तरंगतात, आणि पावसाळ्यात ते इतकं गढूळ होतं की डायव्हिंग बंदच ठेवावं लागतं. पाण्याच्या या रंगबदलात गाळाचा वाटा मोठा असतो. उरलेला वाटा प्लवकांचा.

प्लवक म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसलेले, पाणी नेईल तिकडे जाणारे जीव. बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण जेलीफिशही प्लवकच, आणि कांदा-कोकम घालून परतला जाणारा जवळासुद्धा शास्त्राच्या हिशेबात प्राणी प्लवकांतच मोडतो. वनस्पती प्लवक सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, प्राणी प्लवक त्यांना खातात, आणि बांगडा-तारलीपासून देवमाशापर्यंतची सगळी पंगत त्यांच्यावर बसलेली असते. कोणत्या महिन्यात कोणते प्लवक वाढतात आणि का, हा प्रश्न म्हणूनच फक्त प्रयोगशाळेचा नाही. गेल्या शंभर वर्षांत त्याची उत्तरं बरीच बदलली. आज ती कुठे येऊन थांबली आहेत, ते इथे पाहायचं आहे.

मुंबई बंदरापासून दोनापावलपर्यंत

सागरी प्लवकांचा सिद्धान्त थंड प्रदेशांत घडला. हिवाळी वादळांत समुद्र घुसळला जातो, तळातली पोषकद्रव्यं वर येतात, वसंतात ऊन वाढलं की प्लवकांचा एकदम बहर येतो. १९५३मध्ये स्वेरड्रुप यांनी या बहराचं गणित मांडलं आणि पाठ्यपुस्तकांत ते पक्कं बसलं. उष्ण कटिबंधात ऊन वर्षभर असतं, हिवाळा नावापुरता. तेव्हा इथल्या समुद्राला ऋतू जवळजवळ नाहीतच, अशी समजूत त्यातून रूढ झाली.

पश्चिम किनाऱ्यावरच्या नोंदी मात्र आधीपासूनच वेगळं सांगत होत्या. १९२४मध्ये हॉर्नेल आणि नायडू यांनी तारलीच्या जीवनक्रमाबरोबर मलबारच्या प्लवकांची टिपणं छापली. मुंबईच्या पाण्यातली माशांची अंडी आणि पिल्लं बाळ आणि प्रधान यांनी १९४४ ते १९४७ या काळात तपासली, तर एला गोन्साल्विस यांनी १९४७मध्ये मुंबई बंदरातल्या वनस्पती प्लवकांची रचना ऋतूनुसार कशी बदलते, ते मांडलं. १९५९मध्ये सुब्रह्मण्यन यांचं पश्चिम किनाऱ्यावरचं सविस्तर काम आलं आणि नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळातच इथे वनस्पती प्लवकांचा सर्वांत मोठा बहर येतो, हे ठळक झालं. म्हणजे ऋतू होता. तो उन्हाऐवजी पावसाळ्याच्या तालावर चालत होता.

पुढचा टप्पा संस्थांचा. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावलला स्थिरावलं. मालवणच्या सागरी प्राण्यांची यादी याच संस्थेच्या परुळेकरांनी १९८१मध्ये प्रसिद्ध केली. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य अधिसूचित झालं: एकूण २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा.

या सगळ्यात प्लवकांच्या ऋतुचक्राचा कणा ठरलेली नोंद मालवणची नाही. १९९७पासून गोव्यात कँडोलीमपुढे, पंचवीस-अठ्ठावीस मीटर खोल पाण्यात, एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा जाऊन मोजमाप केलं जातं. ते ठिकाण मालवणपासून दक्षिणेला साठेक किलोमीटरवर आहे. मालवणबद्दल आपण जे ठामपणे बोलतो, त्यातलं बरंचसं तिथून उसनं घेतलेलं असतं, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवलेलं बरं.

वर्षाचा आराखडा

काही गोष्टींवर आता फारसा वाद नाही.

फेब्रुवारी ते मे: समुद्र शांत, पाणी तापलेलं, खारटपणा वाढलेला. वरचा गरम थर खालच्या थंड थरात मिसळत नाही, त्यामुळे वरचं नायट्रेट संपत येतं. अशा उपाशी पाण्यात टिकतात ते अतिसूक्ष्म प्लवक, काही डायनोफ्लॅजेलेट आणि ट्रायकोडेस्मियम. हा निळ्या-हिरव्या जीवाणूंचा प्रकार पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच बांधून घेतो, म्हणून त्याला नायट्रेटची वाट पाहावी लागत नाही. त्याचे तंतू जुड्यांनी पृष्ठभागावर येतात आणि वाऱ्याच्या दिशेने लांब पट्टे पडतात. जुन्या खलाशांनी त्यांना समुद्राचा भुसा असं नाव दिलं होतं. गोव्यापुढे देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७८-७९मध्ये दाखवलं, की हा तवंग कुजला की त्यातून सुटलेल्या द्रव्यांवर दुसरे प्लवक वाढतात, मग त्यांना खाणारे, मग त्या खाणाऱ्यांनाही खाणारे. मे महिन्याचा तवंग म्हणजे पाणी घाण झालं, असं पर्यटकांना वाटतं. ते दरवेळी खरं नसतं.

जून ते सप्टेंबर: सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक या चार महिन्यांतच. गड, कर्ली, आचरा अशा आखूड, तीव्र उताराच्या नद्या सह्याद्रीचं पाणी काही तासांत कालावल, देवबाग, आचऱ्याच्या मुखांशी आणून टाकतात. खाड्यांत आणि त्यांच्या तोंडाशी स्केलेटोनेमासारखे कमी खारटपणा सोसणारे डायॅटम, म्हणजे सिलिकाच्या भिंतीचे एकपेशीय वनस्पती प्लवक, जोर धरतात. सरी थांबून आठ-दहा दिवस ऊन पडलं की त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: ढग हटतात, गाळ बसतो, पोषकद्रव्यं अजून शिल्लक असतात. डायॅटमांचा हा सुगीचा काळ. ऑक्टोबरमध्ये वीस मायक्रॉनचं जाळं थोडं अंतर ओढलं तरी त्याच्या तळाच्या बाटलीत तपकिरी लगदा जमतो. त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला तर कीटोसेरॉसच्या लांब साखळ्या दिसतात. प्रत्येक पेशीच्या चार कोपऱ्यांतून बारीक काटे निघालेले, शेजारच्या पेशींच्या काट्यांत अडकलेले. मध्येच कॉसिनोडिस्कसची मोठी गोल चकती येते, सिलिकाच्या भिंतीवर ओळीने छिद्रं असलेली. एखादा कोपेपॉड, म्हणजे चिमुकला कवचधारी प्राणी प्लवक, झटक्यात दृश्याबाहेर निघून जातो.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटतात, पाणी थोडं थंड होतं, आणि वाद सुरू होतो.

पोषण येतं कुठून

पावसाळ्यात आणि त्यानंतर प्लवक वाढतात हे मान्य. पण त्यांचं खत कुठून येतं? एका मताप्रमाणे ते खालून येतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोल समुद्रातलं थंड, नायट्रेटने भरलेलं, प्राणवायू कमी असलेलं पाणी शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, चढतं. मे-जूनमध्ये केरळच्या दक्षिण टोकाला सुरू झालेली ही क्रिया उत्तरेकडे सरकत येते. टेमोरा टर्बिनाटासारख्या, वर चढलेल्या पाण्याशी नातं सांगणाऱ्या कोपेपॉडांची गर्दी हा या मताचा एक आधार.

दुसरं मत वरच्या पाण्याचं. वर चढणाऱ्या पाण्याचा जोर उत्तरेकडे कमी होत जातो आणि साधारण पंधरा ते सतरा अंश अक्षांशाच्या पट्ट्यात तो संपत येतो. मालवण आहे सोळा अंशांवर, म्हणजे नेमकं या धूसर सीमेवर. त्यामुळे इथे नद्यांनी आणलेलं सिलिकेट, नायट्रेट आणि सेंद्रिय द्रव्य, शिवाय लाटांनी ढवळलेल्या तळातून सुटणारं खत, हेच मुख्य असावं, असं हे मत मानतं. गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखांवर झालेल्या दीर्घ अभ्यासांत पावसाच्या उघडिपीशी प्लवकांचे बहर कसे जोडलेले आहेत, हे स्पष्ट दिसतं आणि त्याचा या मताला आधार मिळतो.

या दोन मतांमध्ये प्रत्यक्षात वाटतो तितका विरोध नाही, असं मला वाटतं. कँडोलीमच्या नोंदींनी दाखवलं की पावसाळ्याच्या शेवटी शेल्फवर दोन्ही पाणी एकावर एक असतात. खाली चढून आलेलं थंड पाणी, आणि त्याच्यावर पाऊस-नद्यांचा पाच ते दहा मीटर जाडीचा गोडसर थर. हा थर झाकणाचं काम करतो. त्याच्यामुळे खालचं खत वर यायला अडचण होते आणि वरचा प्राणवायू खाली जायलाही. तेव्हा खरा प्रश्न असा: झाकण कधी, कुठे आणि किती वेळा फाटतं? कँडोलीमची किनारपट्टी वाळूची, सरळ आहे. मालवणपुढे खडक, बेटं आणि बुडीत शिळांची गर्दी आहे. उधाणाच्या भरतीत या खडकांभोवती पाणी घुसळलं जाऊन झाकण लवकर फाटत असेल, ही शक्यता रास्त आहे. ती मोजून पाहिल्याशिवाय कँडोलीमचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही.

हिवाळ्यातही मालवणची गत सीमेवरचीच. १९९६मध्ये मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ईशान्य अरबी समुद्रात थंड, कोरड्या वाऱ्यांनी पृष्ठभाग थंड आणि जड होतो, पाणी खाली बुडतं आणि त्या घुसळणीतून हिवाळी बहर येतो. हा परिणाम उत्तरेकडे ठळक, दक्षिणेकडे येताना फिका. त्यातच हिवाळ्यात किनारी प्रवाह उलटतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट, हलकं पाणी उत्तरेकडे आणतो, जे घुसळणीला उलट अडवतं. मालवणला नोव्हेंबरनंतर पाणी निवळतं त्यामागे वरच्या थरातलं खत संपणं आणि हे हलकं पाणी, यांपैकी कशाचा वाटा किती, हे ठरलेलं नाही.

खाणाऱ्यांचा ताळेबंद

वनस्पती प्लवक ऋतूनुसार इतके वरखाली होतात, तर त्यांना खाणारेही तसेच व्हायला हवेत. अरबी समुद्रात ते तसे होत नाहीत. १९९४ ते १९९६मधल्या भारतीय मोहिमांतून मधुप्रताप यांच्याच गटाने नोंदवलं, की वरच्या थरातल्या प्राणी प्लवकांचं वजन वर्षभर जवळजवळ सारखं राहतं. अन्न कमी असतानाही खाणारे टिकतात, हा अरबी समुद्राचा विरोधाभास म्हणून ओळखला गेला. त्याचं उत्तर जीवाणूंच्या साखळीत शोधलं गेलं. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये मांडल्याप्रमाणे, विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य जीवाणू खातात, त्यांना एकपेशीय प्राणी खातात आणि त्यांना प्राणी प्लवक. डायॅटम नसताना ही आडवाट चालू राहते.

यावर आक्षेप दोन. पहिला हत्याराचा: जुनी सर्वेक्षणं तीनशे-तीनशे तीस मायक्रॉनच्या जाळ्यांनी झाली. ऑयथोना, पॅराकॅलेनससारखे लहान कोपेपॉड आणि बहुतेक पिल्लं त्यातून निसटतात. आज बरेच जण दोनशे मायक्रॉनचं जाळं वापरतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना धोक्याची आहे. दुसरा आक्षेप जागेचा: खुल्या समुद्राचा नियम खाडीच्या तोंडाला लागू होत नाही. किनाऱ्याजवळ प्राणी प्लवकांची रचना उघडच ऋतूबरोबर बदलते. खाडीत गोडं पाणी भरलं की समुद्री जाती बाहेर ढकलल्या जातात, आणि पेनिलिया, इव्हाडनी हे क्लॅडोसेरन नराशिवाय प्रजनन करून थोड्या दिवसांत पाणी व्यापतात, मग तळाशी टिकाऊ अंडी सोडून नाहीसे होतात. एकूण वजन तेच राहिलं तरी जाती बदललेल्या असतात, इतकं म्हणता येईल. माशांना मात्र वजनाइतकीच जातही महत्त्वाची असते.

प्राणवायूचा वाद

हा या क्षेत्रातला सर्वांत तापलेला प्रश्न. २०००मध्ये नक्वी आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये लिहिलं, की पश्चिम शेल्फवर पावसाळ्याच्या अखेरीस तळाचा प्राणवायू जवळजवळ संपतो, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि १९७०च्या दशकातल्या निरीक्षणांच्या तुलनेत स्थिती तीव्र झाली आहे. शेतीतून वाहून येणाऱ्या नायट्रोजनमुळे वरचे प्लवक वाढतात, ते मरून तळाला कुजतात, आणि प्राणवायू संपतो, अशी कारणमीमांसा त्यांनी पुढे ठेवली.

उलट बाजू सांगते की हे पाणी शेल्फवर चढतं तेव्हाच प्राणवायूत गरीब असतं, आणि ते नवं नाही. १९५९मध्येच कॅरदर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तू यांनी मुंबईपुढे कमी प्राणवायूचा थर किनाऱ्याकडे वर सरकत असल्याचं आणि मासेमारीवर त्याचा परिणाम होत असल्याचं दाखवलं होतं; कार्ल बान्से यांनी त्याच सुमारास केरळपुढे तेच पाहिलं. वर्षावर्षांतला फरक वाऱ्याच्या जोरावर अवलंबून असल्याने दोन काळांची तुलना करताना चुकीच्या वर्षाची निवड झाली की निष्कर्षही बदलतो, असा या बाजूचा मुद्दा आहे. मुळात कमी प्राणवायू नैसर्गिक आहे, यावर दोन्ही बाजू सहमत आहेत. माणसाने त्यात किती भर घातली, एवढंच वादात आहे, आणि कोकणातल्या आखूड नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या नायट्रोजनचा सलग हिशेब मांडला गेल्याशिवाय तो मिटणार नाही.

चक्र बदलतंय का

२००५मध्ये जोकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी सायन्समध्ये दावा केला, की हिमालयातला बर्फ कमी झाल्याने मोसमी वारे बळावले आणि पश्चिम अरबी समुद्रातले प्लवक झपाट्याने वाढले. २०१६मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलट मांडलं: समुद्र तापल्याने थर घट्ट झाले, आणि पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पती प्लवक गेल्या सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटले. पहिला निष्कर्ष उपग्रहाच्या मोजक्या वर्षांवर उभा आहे, दुसऱ्यात जुन्या काळासाठी प्रारूपांचा आधार घ्यावा लागला आहे. दोन्ही मुख्यतः सोमालिया-ओमानच्या बाजूबद्दल आहेत. वर्तमानपत्रांत यांतला कुठलाही एक आकडा कोकणाच्या नावावर छापलेला दिसला तर सावध व्हावं.

तिसरा धागा नॉक्टिल्यूका या एकपेशीय प्लवकाचा. रात्री लाटेत निळा प्रकाश दिसतो तो बहुतेकदा याचाच. किनाऱ्यावर सहसा याचा लाल प्रकार असतो, जो दुसऱ्यांना खाऊन जगतो. खुल्या उत्तर अरबी समुद्रात मात्र शरीरात हिरवी शैवालं बाळगणारा प्रकार गेल्या दोन दशकांत हिवाळी डायॅटमांची जागा घेऊ लागला आहे. २०१४मध्ये गोम्स आणि गोएस यांच्या गटाने त्याचा संबंध कमी प्राणवायूशी जोडला. नंतरच्या भारतीय मोहिमांत हे बहर भरपूर प्राणवायूच्या पाण्यातही सापडले आणि कारण पोषकद्रव्यांत व तापमानात शोधलं गेलं. नॉक्टिल्यूकाला खाणारे मुख्यतः सॅल्प आणि जेलीफिश. तेव्हा हा बदल किनाऱ्याकडे सरकला तर डायॅटम-कोपेपॉड-मासा ही वाट अरुंद होईल. सध्या तरी ही शंकाच आहे.

उपग्रहांचा इथे उपयोग किती? १९९९मध्ये ओशनसॅट-१वरून भारताने समुद्राचा रंग मोजायला सुरुवात केली आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्री माहिती केंद्राचे मासळीचे अंदाज अशा मोजमापांचाही आधार घेतात. पण जून ते सप्टेंबर ढग आडवे येतात, आणि किनाऱ्यालगतचा गाळ व पिवळसर विरघळलेलं द्रव्य हरितद्रव्य म्हणून मोजलं जातं. मालवणला नेमका हवा तो काळ आणि हवी ती जागा, दोन्ही ठिकाणी उपग्रह कमी पडतो.

बांगडा आणि तारलीचा हिशेब

बांगड्याचे कल्ले उघडून आत पाहिलं तर कमानीच्या आतल्या बाजूला पिसांसारखे लांब, दाट तंतू दिसतात. तोंड उघडं ठेवून पोहताना पाण्यातले प्लवक त्यांत गाळले जातात. तारलीचे तंतू आणखी बारीक, म्हणून ती डायॅटमही खाऊ शकते. १९५०च्या दशकात नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा डायॅटम तारलीच्या हंगामाचा सूचक मानला होता. तो प्रत्येक वर्षी खरा ठरला नाही. आज मत्स्यशास्त्रज्ञ कोणत्याही एका जातीवर भिस्त ठेवत नाहीत. पिल्लं अंड्यातून बाहेर पडण्याचा आठवडा आणि प्लवकांच्या बहराचा आठवडा जुळतो की नाही, याकडे पाहतात.

मालवणसाठी यात एक खास पेच आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विवेकानंदन यांच्या गटाने २००९मध्ये दाखवलं, की १९८५पूर्वी तारली जवळजवळ सगळी आठ ते चौदा अंशांच्या मलबार पट्ट्यातच मिळे. नंतर ती चौदाच्या उत्तरेलाही भरपूर मिळू लागली. तापलेल्या पाण्याबरोबर तिची वस्ती सरकली, असा त्यांचा अर्थ. मग केरळात २०१२ला सुमारे ३.९ लाख टन असलेली तारली २०२१मध्ये ३,२९७ टनांवर आली. काहींनी एल निनोकडे बोट दाखवलं, काहींनी बेसुमार मासेमारीकडे. उत्तरेकडे सरकलेल्या तारलीला इथले प्लवक वेळेवर मिळतात का, याचं उत्तर मालवणच्या पाण्यातच आहे.

उरलेली पोकळी

वर आलेल्या जवळजवळ प्रत्येक वादाचे निर्णायक साक्षीपुरावे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आहेत, आणि तेच महिने नोंदींत सर्वांत विरळ आहेत. समुद्र खवळलेला, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, होड्या शाकारलेल्या, संशोधकही किनाऱ्यावरच. नारळी पौर्णिमेनंतर नमुने घ्यायला सुरुवात करायची म्हणजे अर्धी गोष्ट घडून गेल्यावर पोचायचं. शिवाय ‘मोसमपूर्व, मोसमी, मोसमोत्तर’ असे वर्षातून तीन नमुने घेण्याची पद्धत अनेक सर्वेक्षणांत अजून रूढ आहे. दहा दिवसांत येऊन जाणारा स्केलेटोनेमाचा बहर तीन नमुन्यांत सापडला तर तो योगायोग.

यावर उपाय फार खर्चिक नाही. भर पावसातही मालवणच्या धक्क्यावर, सर्जेकोटच्या बंदरात, देवबागला कर्लीच्या मुखाशी उभं राहून बादलीभर पाणी काढता येतं. खारटपणा, तापमान, लुगोलच्या आयोडीनमध्ये टिकवलेली एक बाटली आणि बारीक जाळ्यातला एक नमुना, दर आठवड्याला, निदान दहा वर्षं. सिंधुदुर्गातल्या विज्ञान महाविद्यालयांना आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाला हे वाटून घेता येईल. खडकांच्या बाहेरच्या पाण्यासाठी समुद्रविज्ञान संस्थेची बोट आणि प्राणवायू मोजणारं एखादं तरंगतं उपकरण लागेल. अभयारण्याच्या व्यवस्थापनाने आणि जिल्हा नियोजन समितीने ही नोंदवही येत्या मृगाआधी सुरू करावी.